सूर मागून उठतो

फजरची नमाज झाली की आमच्या घरात बुडबुडे सुरू व्हायचे. अब्बा ओसरीवर मांडी घालून बसत, समोर पाण्यानं भरलेला जर्मनचा गंज, म्हणजे पातेलं, त्यात पपईच्या पानाचा पोकळ देठ बुडवून ते फुंकत राहत. बुडबुडे थांबता कामा नयेत, हा रियाज. नाकानं श्वास आत घ्यायचा आणि त्याच वेळी गालात साठवलेली हवा बाहेर सोडायची, म्हणजे फुंक तुटत नाही. याला आम्ही दम सांभाळणं म्हणायचो. सनईवाल्याच्या घरातलं पोर चालायच्या आधी दम सांभाळायला शिकतं, असं माझे सत्तारचाचा गावभर सांगत फिरायचे. ते थापाडे होते, पण ही थाप फार मोठी नव्हती. मला आठवतं तेव्हापासून माझ्या हातात देठ आहे. चुलीपाशी भाकरी थापता थापता अम्मी ओरडायची, "अव शम्मो, बुडबुडे पुरे कर न बाप्पा! आधी पाणी भर!" आमच्या घरात अर्धी उर्दू आणि अर्धी वऱ्हाडी चालायची. वाक्य कोणत्या भाषेत सुरू केलं होतं ते संपेपर्यंत कोणाच्या ध्यानात राहायचं नाही. घाटंजीच्या बाजारात तर कोणाला त्याचं काही वाटतही नसे.

आता माझे गुडघे मला ओसरीवर मांडी घालू देत नाहीत. परवा यवतमाळहून एक मुलगी आली होती, चांगली शिकलेली, नम्र. तिला जुन्या पद्धतीचं सनईवादन शिकायचं आहे. पेटी यायच्या आधी लोक कसे वाजवायचे, सनईच्या तोंडाची, फुंकायची पत्ती कशी करायचे, कोणत्या विधीला कोणती चाल, सगळं विचारत होती. मी म्हटलं, बाई, पद्धत सांगते, पण आधी तिच्यापायी आमच्या घरात काय झालं ते ऐक. ती गेल्यावर वाटलं, हे लिहूनच ठेवावं.

आमच्याकडे सनयांची जोडी होती. माझ्या आजोबांनी, म्हणजे मोठ्या अब्बांनी, शिसमाच्या एकाच लाकडातून त्या दोन्ही करवून घेतल्या होत्या. एकीवर चाल वाजायची. दुसरीची भोकं मेणानं बुजवलेली, तिच्यातून एकच एक स्वर निघायचा. तिला आम्ही नुसतं 'सूर' म्हणायचो. सूर धरणाऱ्याचं काम दिसायला काहीच नाही. एक स्वर लावून बसायचं, गाल फुगवायचे, आणि चाल वाजवणारा मधे दम घेईल, पत्ती ओली करील, पान थुंकेल, तरी आपण तुटायचं नाही. मोठ्या अब्बांचा कायदा होता की सूर आधी बसतो आणि सूर मागून उठतो. चाल सुरू व्हायच्या आधी सूर लागलेला असला पाहिजे, आणि चाल संपल्यावरही तो काही वेळ राहिला पाहिजे. लोक सनईवाल्याला वाहवा द्यायचे, सूरवाल्याला चहासुद्धा विसरायचे. या जोडीचा 'सा' पेटीच्या कोणत्याच पट्टीत बसायचा नाही. काळी आणि पांढरीच्या मधे कुठंतरी तो होता. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही, कारण पेटीशी आमचा संबंधच नव्हता.

धंदा लग्नांचा. हळद लावताना एक चाल, नवरदेव पारावर आला की दुसरी, विहिणी भेटल्या की तिसरी, आणि मुलगी निघाली की बिदाईची. ती सगळ्यात हळू, सगळ्यात अवघड, आणि अब्बांची सगळ्यात आवडती. मोठी माणसं नुसत्या आवाजावरून सांगायची की मांडवात आता काय चाललं आहे. गावात शिरताना अब्बांचा ठरलेला प्रश्न असायचा, "घरात कापूस हाय का?" कारण कापूस आवाज खातो. सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, कापसाचा ढीग असला की सनई कितीही जोरात फुंका, ती गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखी येते. चांगल्या सालात हा प्रश्न पडत नसे. कापूस विकला जायचा, घर रिकामं व्हायचं, मग लग्न निघायचं. अब्बा म्हणायचे, "मोकळ्या घरात वाजवायची मजाच अलग हाय."

मग ती वाईट वर्षं आली. खरेदी केंद्रासमोर बैलगाड्यांच्या रांगा, गाडीखालीच लोक झोपलेले, आणि तरी कापूस परत. लग्नं पुढं ढकलली जाऊ लागली. जी व्हायची ती कापूस घरातच ठेवून, घाईघाईनं, चार माणसांत. सनई कोणाला सुचणार? त्यांचंही खोटं नव्हतं. आमच्या घरात ज्वारीच्या भाकरीबरोबर अंबाडीची भाजी आणि अंबाडीबरोबर भाकरी, असा थाट सुरू झाला. त्याच दिवसांत सत्तारचाचा यवतमाळच्या एका बँड पार्टीत गेले. आजवर सूर तेच धरत आले होते. जाताना त्यांनी लाल कोट घालून दाखवला, सोनेरी झालर लावलेला. अम्मी हसून हसून पडली, "अरे देवा, पुरा सर्कसचा वाघ!" अब्बा मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "सत्तार, सूर कोन धरन?" चाचा म्हणाले, "भाईजान, आता कोनाले सूर पायजे? लोकायले गाने पायजे. सिनेमाचे."

सूर मी धरला. दुसरं कोणी नव्हतंच. माझा दम चांगला होता, हे अब्बांना बुडबुड्यांवरून माहीत होतं. अम्मीनं घर डोक्यावर घेतलं. "पोट्टीचे गाल फुगतीन म्हशीवानी, मंग कोन करन तिच्यासंगं लगन?" अब्बा म्हणाले, "गाल फुगत नाही, दम वाढते. सासरी कामी येईन." यावर अम्मीनं जे तोंड केलं ते मी अजून विसरले नाही. शेवटी तोड निघाली ती अशी की मी पुरुषांत बसायचं नाही. अब्बा ओट्यावर आणि मी दारामागच्या खोलीत, बायकांत. मधे चादर. सूर चादरीतून बाहेर यायचा. काही गावांत लोकांना वाटायचं की रज्जाकभाईनं, म्हणजे अब्बांनी, सूर धरायची एखादी मशीनच आणली आहे. मला भारी राग यायचा. मशीनला तहान लागते का? मशीनचे ओठ फाटतात का? आज माझा नातू मोबाइलवर तंबोरा लावून झोपी जातो आणि तो रात्रभर वाजत राहतो. मी काही बोलत नाही, पण तो राग अजून आहे.

पण ती दोन-तीन वर्षं माझ्या आयुष्यातली खरी श्रीमंतीची होती, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. आत ज्या खोलीत मला बसवायचे तिथं बहुतेक वेळा न विकलेला कापूस भरलेला असायचा. मी त्या ढिगावरच बसायची. अंगाला खाज, डोळ्यांत कचरा. एकदा कळंबकडच्या एका लग्नात बिदाईची चाल सुरू असताना कापसाचा तंतू नाकात गेला. शिंक आली तर दम तुटणार. डोळ्यांतून धारा लागल्या, शेजारच्या बायांना वाटलं की पोरीचं मन भरून आलं, त्या माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. मी शिंक गिळली. सूर हलला नाही. परतीच्या वाटेवर अब्बांनी एवढंच विचारलं, "मधात काय झालतं?" मी सांगितलं. ते मोठ्यानं हसले. घराजवळ आल्यावर म्हणाले, "सत्तारचा तुटला असता." यापेक्षा मोठी शाबासकी मला नंतर कोणी दिली नाही.

पुढच्या साली लग्नं आणखी कमी झाली. एका दुपारी चाचा लाल कोट खांद्यावर टाकून आले. जिनिंगवाल्या एका शेठकडे मोठं लग्न होतं, आणि शेठला बँडमधे सनई पाहिजे होती. पूर्ण हंगामाचं काम लागत होतं. अडचण एकच, पट्टी जुळत नव्हती. बँडचा क्लॅरिनेट वर आणि आमची सनई खाली. मेण लावून स्वर उतरवता येतो, चढवता येत नाही. चढवायचा तर सनईची लांबी कमी करायची. चाचांनी अब्बांच्या सनईच्या वरच्या टोकावर, पत्ती बसते तिथं, बोट ठेवलं. "बस एवढंच. कोनाले समजनार पन नाही."

तिसऱ्या दिवशी अब्बांनी सुताराकडून बारीक करवत आणली, बिस्मिल्ला म्हटलं आणि ओसरीवर बसून स्वतःच्या हातानं सनई कापली. मला सांगायचं आहे ते हे की त्यांच्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती. चूल पेटवायची होती, आणि त्यांना वाटलं होतं की वाद्य माणसाच्या कामी आलं पाहिजे. अंगठीएवढी चकती खाली पडली. अम्मीनं ती उचलून सुराच्या पिशवीत ठेवली. अब्बांनी पत्ती बसवून फुंकलं, चाचांनी क्लॅरिनेट लावला. 'सा' जुळला. चाचा खुश झाले. पण अब्बा वर वर चढत गेले तसे त्यांचे डोळे बदलत गेले. भोकं जुन्या लांबीच्या हिशेबानं पाडलेली होती. खालचे स्वर बसले, वरचे एकमेकांना सोडून गेले. मोठ्या अब्बांच्या बिदाईच्या चालीत जिथं सगळ्यात वर जाऊन थांबायचं, नेमकी ती जागाच फाटली. अब्बांनी मेण लावून पाहिलं, पत्ती बदलून पाहिली, मग सनई मांडीवर ठेवून ते म्हणाले, "बँडात चालून जाईन." चाललीही. रस्त्यावरच्या गोंगाटात कोणाला काय ऐकू येणार? ते लाल कोट घालून चालत चालत वाजवायला लागले. माझा सूर तेवढा पिशवीत गेला, कारण त्याच्याशी जुळणारं आता जगात काही उरलं नव्हतं. मी रोज बुडबुडे काढायची. कशासाठी, ते मला कोणी विचारलं नाही.

त्याच दिवसांत माझं लग्न ठरलं. आर्णीचं घर, मुलगा सायकली आणि मोटारसायकली दुरुस्त करायचा, शांत माणूस. (पुढं त्यांच्यासोबत मी सारं आयुष्य काढलं, आणि माझे गाल त्यांना कधी मोठे वाटले नाहीत. अम्मीला हे ऐकवायचं राहूनच गेलं.) लग्न दोन दिवसांवर आलं, मी हळद लावून आतल्या खोलीत बसलेली, आणि ओसरीवर दोघा भावांचं जुंपलं. अब्बांना माझ्या रुखसतीला, म्हणजे आमच्याकडच्या बिदाईला, ती चाल वाजवायची होती. लोकांच्या हजारो मुलींना ती वाजवून दिली, आपली कशी बिनचालीची जाईल, असं त्यांचं म्हणणं. चाचा म्हणाले, "आपले अब्बा काय सांगून गेले, विसरला का? आपल्या लेकीच्या रुखसतीत वाजवू नये. दम तुटते." अब्बा म्हणाले, "माया दम नाही तुटत." मग प्रश्न आला वाद्याचा. कापलेल्या सनईवर चालीची वरची जागा लागत नाही. चाचांनी सुचवलं, "सुराचं मेन काढून टाक. ते सनई साबूत हाय. तिच्यावर वाजव." अब्बा चिडले, "अन् सूर? चाल कशावर ठेवू, हवेत?"

वाईट माणूस नव्हता चाचा. माझ्या लग्नासाठी बँडचं काम टाकून आला होता. मग ते हळूच म्हणाले, "एक करता येते. सूरबी तेवढाच काप. दोन्ही सारख्या होतीन. सूर मी धरतो. वरची जागा थोडी फाटन, पन चाल तर होईन. पोरीले चाल भेटन." करवत त्यांनी सुताराकडून सोबत आणलेलीच होती. ती पिशवीतून काढून त्यांनी फरशीवर ठेवल्याचा आवाज मी आतून ऐकला.

अब्बा खोलीच्या दाराशी आले. नवरीच्या खोलीत बाप असा येत नाही, बायांनी पदर सावरले. त्यांच्या हातात सुराची पिशवी होती. त्यांनी ती माझ्या पिवळ्या हातांत दिली आणि म्हणाले, "बेटा, सूर तुया आहे. तू सांग. कापू का?"

मला ती चाल पाहिजे होती. किती पाहिजे होती ते आता या वयातही मला नीट सांगता येत नाही. चादरीमागं बसून मी दुसऱ्या मुलींना ती देत आले होते. दर वेळी मनात यायचं की एक दिवस हे माझ्यासाठी वाजेल आणि त्या दिवशी मला सूर धरावा लागणार नाही, मी नुसती रडेन. मी पिशवीवरून हात फिरवला. आत ती अंगठीएवढी चकती बोटाला लागली. मी म्हटलं, "नका कापू."

चाचा बाहेरून म्हणाले, "अव पोरी, मंग बिनचालीची जाशीन का?"

"जाईन. हा कापला तर मोठ्या अब्बांचा सूर कोनापाशीच राहनार नाही. एक कापून झाली न. बस झालं."

अम्मी भिंतीला टेकून रडायला लागली. अब्बांनी माझ्या हातून पिशवी परत घेतली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. त्या हाताचा भार मला अजून आठवतो. चाचांनी करवत सुताराकडे परत नेऊन दिली.

लग्नाच्या दिवशी ऊन कडक होतं. बिर्याणी नव्हती, पुलाव होता, पण अम्मीनं तुपाचा हात सैल सोडला होता, आणि पाहुणे शेवया खाऊन तृप्त झाले. निकाह झाला. वरातीची मेटॅडोर बोळीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. बाया मला धरून उंबऱ्यापाशी घेऊन आल्या, आणि तेवढ्यात सूर लागला.

ओढणीखालून मला दिसत होतं ते फक्त अंगण आणि पाय. पण माझा सूर मी ओळखणार नाही का? अब्बा ओसरीवर त्यांच्या जागी बसले नव्हते. ते दाराच्या बाजूला, भिंतीशी, मी बसायची तशा जागी बसले होते. एकच स्वर. वर चाल नाही. जन्मभर ज्या माणसानं चाल वाजवली, वाहवा घेतली, तो माझं काम करत बसला होता. बायकांना काही समजेना. कोणीतरी कुजबुजलं, "रज्जाकभाई काहून थांबले? पुढं वाजवत काहून नाही?" मला समजलं होतं. जिथं चाल असायची ती जागा त्यांनी मोकळी ठेवली होती, आणि ती अख्खी चाल मला पाठ होती. मी अम्मीच्या गळ्यात पडले, चाचांच्या पाया पडले, बोळीतून चालत गेले, आणि चाल माझ्या कानात आपली आपण वर चढत राहिली, त्या वरच्या जागेपर्यंत, न फाटता. मेटॅडोर सुरू झाली. इंजिनाच्या घरघरीतही सूर येत होता. बाजाराच्या वळणावर तो मला ऐकू यायचा थांबला.

चौथीला, म्हणजे लग्नानंतरच्या चौथ्या दिवशी, नवरी माहेरी येते. मी आले तेव्हा अब्बा ओसरीवर बसले होते आणि अम्मी त्यांच्या फाटलेल्या ओठाला तूप लावत होती. चाचा परत बँडमधे गेले होते. मी बसले. मग मी धंद्यातलंच बोलले. म्हटलं, "सूर चांगला धरला तुम्ही. कुठी तुटला नाही."

अब्बा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुटलता."

"मले तं नाही ऐकू आलं."

"तू बोळीच्या वळनावर गेली तेव्हा. एकडाव. तू रडून राह्यली होती, तुले समजलं नाही." मग म्हणाले, "मोठे अब्बा खरं सांगून गेलते."

मी उठून आत गेले, पिशवी आणली, गंजातल्या पाण्यात पत्ती बुडवली. अम्मी म्हणाली, "आता नवी नवरी आहेस, लोक काय म्हनतीन?" मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ओसरीवर, उजेडात, मधे चादर नसताना, मी पहिल्यांदा सूर लावला. तो बसला. अब्बांनी डोळे मिटले. कापलेली सनई खुंटीवर होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते गुणगुणायला लागले. अब्बांचा गळा म्हणजे जुन्या मोटेचं चाक. आयुष्यात त्यांना गाताना कोणी ऐकलं नव्हतं. पण गळा कुठंही जुळतो, आणि तो जुळला. बिदाईची पूर्ण चाल त्यांनी फाटक्या आवाजात, फाटक्या ओठांनी, सावकाश म्हटली, आणि वरच्या जागेवर जाऊन थांबायचे तसेच थांबले. बोळीतून जाणारी दोन माणसं भिंतीशी उभी राहिली.

चाल संपली. अब्बांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि मला हातानं सांगितलं, बस. मी थांबले नाही. अम्मीनं दोन कप चहा आणून आमच्या मधे ठेवला, माझाही, आठवणीनं. अब्बांनी त्यांचा घेतला. माझा निवून गेला, त्यावर साय धरली, आणि मी सूर धरून बसले होते.